फॉर्म कोण भरतं? विद्यार्थी निवडणुकीच्या नियमांचं एक वाचन

दिवाळीत फैजपूरला घरी गेले होते. शेजारची एसवाय बीएस्सीला असलेली मुलगी संध्याकाळी ओट्यावर येऊन बसली. हातात मोबाईल. म्हणाली, "ताई, सरांनी ग्रुपवर विचारलंय, सीआर कोण होतं म्हणून. मी नाव टाकू का?"

मी म्हटलं, टाक की.

तेवढ्यात तिची आई पलीकडून म्हणाली, "कशाले पडतीस त्या भानगडीत? अभ्यास कर गुमान."

मुलगी हसली. नाव टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एका मुलाचं एकच नाव आलं आणि तो सीआर झाला. बिनविरोध. सरांनी अंगठा दाखवला, वर्गाने टाळ्यांची चित्रं टाकली, विषय संपला.

मला मात्र तो विषय महिनाभर पुरला. या ब्लॉगवर मी एरवी रसायनशास्त्रातल्या गोष्टी सोप्या करून सांगते. राज्यशास्त्र हा माझा विषय नाही. पण एखाद्या प्रश्नावर कोणी काय मोजलंय ते शोधायचं, वाचायचं आणि त्यात खोट कुठे आहे ते बघायचं, एवढं पीएचडीने शिकवलं आहे. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर मी विद्यार्थी निवडणुकीवरचे तीन दस्तऐवज वाचायला घेतले: १९९४ चा महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, २००६ चा लिंगडोह समितीचा अहवाल आणि २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा. सोबत उमेदवारीवरचं थोडं संशोधन. या पोस्टमध्ये त्या सगळ्याची झडती आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. या तिन्ही दस्तऐवजांनी एकाच प्रश्नावर डोकं खर्च केलं आहे: नको तो माणूस उभा राहू नये म्हणून काय करायचं? हवा तो माणूस उभाच का राहत नाही, हा प्रश्न त्यांनी विचारलेला दिसत नाही. प्रयोगशाळेत आम्ही द्रावण गाळतो तेव्हा खाली उतरलेलं गाळण बघतो आणि कागदावर काय राहिलं तेही बघतो. कधी कधी आपल्याला हवा असलेला पदार्थ नेमका कागदावरच असतो. निवडणुकीच्या नियमांमध्ये कागदावर राहिलेल्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

पहिली गाळणी: मार्कांची

माझ्या पिढीला हे सांगावं लागत नाही, पण आत्ता बारावीत असलेल्यांसाठी थोडा इतिहास. महाराष्ट्रात पूर्वी कॉलेजांमध्ये थेट निवडणुका होत. त्यात मारामाऱ्या होत, बाहेरचे लोक येत. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा कॉलेज निवडणुकीच्या वैरातून खून झाला. नव्वदीच्या सुरुवातीला थेट निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या कायद्याने त्यांच्या जागी गुणवत्तेची पद्धत आणली. प्रत्येक वर्गातून, मागच्या वर्षीच्या परीक्षेत ज्याने गुणवत्ता दाखवली असा एक विद्यार्थी मंडळावर. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांतून प्राचार्य नेमतील ते. शिवाय प्राचार्यांनीच नेमलेल्या दोन मुली. या सगळ्यांनी मिळून आपल्यातूनच एक सचिव निवडायचा. त्यालाच आपण यू.आर. म्हणायचो.

म्हणजे हजार-दोन हजार मुलांच्या कॉलेजात मत देणारे किती, तर पंधरा-वीस. मी त्यातली एक होते. २०१६ साली टीवायला असताना, आदल्या वर्षी वर्गात पहिली आले म्हणून, एकाही मुलाने मत न देता मी तीन तुकड्यांची प्रतिनिधी झाले. कॉलेजचं नाव घेत नाही. नाव घेण्यासारखं त्यात वेगळं काही घडलंही नाही. जिल्ह्यात कोणालाही विचारा, अशीच गोष्ट ऐकायला मिळेल.

यू.आर.साठी दोन मुलं इच्छुक होती. एका सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तू पण भर फॉर्म. मुलगी उभी असली की बरं दिसतं." मी भरला. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. वहीत काय काय करायचं त्याची यादीसुद्धा लिहिली: मुलींच्या कॉमन रूमचं कुलूप, प्रयोगशाळेतला बंद पडलेला पंखा, ग्रंथालयाची वेळ.

निवडणुकीच्या तीन दिवस आधी पंधरापैकी सहा मतदार कॉलेजात यायचे बंद झाले. चौकशी केली तर कळलं, जीपमधून शिर्डीला गेलेत, तिथून पुढेही जाणार आहेत, मतदानाच्या सकाळीच परत येतील. मतदार पंधराच असले की ही सोय परवडते. हजार मतदारांना जीपमध्ये घालता येत नाही. हिंसा टाळायला आणलेल्या पद्धतीने मतदारांची संख्या इतकी खाली आणली की त्यांना उचलून नेणं सगळ्यात स्वस्त प्रचार ठरला.

त्याच रात्री आमच्या घरी एक फोन आला. धमकी वगैरे नव्हती. ओळखीतलेच गृहस्थ, अतिशय गोड आवाजात वडिलांना म्हणाले, "दादा, पोरगी हुशार आहे, तिचं नाव कशाला या राजकारणात?" वडिलांनी मला काहीच सांगितलं नाही. फक्त जेवताना गप्प होते. सकाळी मी एका ओळीचा माघारीचा अर्ज लिहून दिला. त्या ओळीत "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहिलं होतं.

कागदावर राहिलेली

पण या गोष्टीत माझ्यावर अन्याय झाला असं मला म्हणायचं नाही. मी मुळात उमेदवार नव्हतेच. खरी उमेदवार माझी मैत्रीण होती. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून यायची. तिच्या भागातून येणारी शेवटची परतीची बस प्रॅक्टिकल संपायच्या दहा मिनिटं आधी सुटायची. दोन वर्षं सगळ्या मुली प्रॅक्टिकल अर्धवट टाकून पळायच्या. हिने वहीच्या पानावर साठेक सह्या गोळा केल्या, दोघी-तिघींना घेऊन एसटीच्या आगारात चार वेळा गेली, आणि बस वीस मिनिटं उशिरा सोडायला लावली. कोणी सांगितलं नव्हतं, पद नव्हतं, फोटो नव्हता.

तिला गणितात एटीकेटी होती. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला जावं लागायचं म्हणून हजेरी कमी होती. १९९४ च्या कायद्याच्या दृष्टीने ती मंडळाच्या जवळपासही नव्हती. यू.आर. कोण झाला हे आज मला आठवावं लागतं. ती बस मात्र मी पास होईपर्यंत त्याच वेळेला सुटत होती.

पुढे वाचताना हिला लक्षात ठेवा. प्रत्येक नियम आला की मी स्वतःला एकच प्रश्न विचारणार आहे: या नियमात ती बसते का?

दुसरी गाळणी: लिंगडोह

माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालची समिती सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून नेमली गेली. तिचा अहवाल २००६ च्या मे महिन्यात आला आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने त्यातल्या शिफारशी देशभर लागू करायला सांगितल्या. विद्यार्थी निवडणुकांबद्दल कोणीही काही बोललं की "लिंगडोह" हा शब्द येतोच.

आधी या अहवालाचं श्रेय त्याला देते. नेमणुकीची पद्धत ही तात्पुरती सोय आहे, संस्थांनी ५ वर्षांत रीतसर निवडणुकांकडे गेलं पाहिजे, हे त्याने स्पष्ट म्हटलं. एका उमेदवाराने ५,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. छापील पोस्टर नाही, हाताने काढलेलंच चालेल. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळं १० दिवसांत उरकायचं. निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब द्यायचा. तक्रारींसाठी कक्ष हवा. हे सगळं शहाणपणाचं आहे. हाताने काढलेल्या पोस्टरच्या नियमावर लोक हसतात, पण केळीच्या बागेत रोजंदारीने घड वाहणाऱ्याच्या मुलीला फ्लेक्स परवडत नाही, आणि स्केचपेन परवडतो.

आता पात्रतेच्या अटी बघा. वय: पदवीला १७ ते २२, पदव्युत्तरला २४-२५ पर्यंत, संशोधकांना २८ पर्यंत. उमेदवारीच्या वर्षी एकही विषय राहिलेला नको. हजेरी विद्यापीठाने ठरवलेली किंवा ७५ टक्के, यातली जी जास्त असेल ती. पदाधिकारी होण्यासाठी आयुष्यात एकदाच उभं राहता येईल, कार्यकारिणीसाठी दोनदा. गुन्ह्याचा खटला चाललेला नसावा. विद्यापीठाने शिस्तभंगाची कारवाई केलेली नसावी.

एकेक अट वेगळी वाचली तर पटते. सगळ्या एकत्र वाचा आणि त्यातून काय चित्र तयार होतं ते बघा. ज्याला कधी विषय राहत नाही, ज्याला कधी कामाला जावं लागत नाही, ज्याचं प्रशासनाशी कधी भांडण झालं नाही, असा विद्यार्थी. माझी मैत्रीण एटीकेटीत अडकली, हजेरीत अडकली. आगारात न जाता प्राचार्यांच्या केबिनसमोर बसली असती, तर कदाचित शिस्तभंगातही अडकली असती. विद्यार्थी संघटना नावाची गोष्ट ज्यांच्यासाठी असते, म्हणजे ज्यांना अडचणी असतात, त्यांनाच पात्रतेच्या अटींनी आधी बाजूला केलं.

यावर एक उत्तर नेहमी येतं आणि ते फेकून देण्यासारखं नाही. हजेरी आणि पास होण्याच्या अटी नसत्या, तर दहा-दहा वर्षं नावाला प्रवेश घेऊन बसलेले व्यावसायिक नेते कसे थांबवणार? खरी गोष्ट आहे. पण तेवढ्यासाठी वयाची अट आणि पूर्णवेळ नियमित विद्यार्थी असण्याची अट पुरते, आणि त्या दोन्ही लिंगडोहमध्ये आहेतच. चोर पकडायला दोन कुलपं पुरत असताना पाच लावली, आणि शेवटच्या तिघांनी फक्त घरातल्याच माणसांना बाहेर ठेवलं.

यातली मला सगळ्यात खुपलेली अट "एकदाच" ही आहे. ती जिंकण्याला लागू असती तर समजलं असतं. ती उभं राहण्याला लागू आहे. पहिल्यांदा हरलात तर संपलं. आमच्याकडे एकदाच केलेल्या प्रयोगाला कोणी निष्कर्ष म्हणत नाही. पहिल्या खेपेला ब्यूरेटचं टोक कुठे धरायचं हेच कळत नाही. ज्याच्या घरात आधीच कोणी पुढारी आहे, सरपंच आहे, दूध संघावर संचालक आहे, त्याला पहिल्याच खेपेला सगळं येत असतं. बाकीच्यांना शिकायला एक पराभव लागतो. तो पराभव या नियमाने शेवटचा करून टाकला.

इथे फैजपूरची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. डिसेंबर १९३६ मध्ये आमच्या गावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. शाळेत आम्हाला बांबूचे मंडप आणि नंदलाल बोसांची सजावट एवढंच सांगतात. पण त्या अधिवेशनापुढचा खरा पेच उमेदवारीचाच होता. १९३५ चा कायदा काँग्रेसला मान्य नव्हता, आणि त्याच कायद्याखाली काही आठवड्यांत प्रांतिक निवडणुका होत्या. उभं राहायचं का? ठरलं असं, की कायदा नाकारायचा, निवडणूक लढवायची, आणि मंत्रिपदं घ्यायची की नाही हे निकालानंतर बघायचं. म्हणजे उभं राहणं आणि सत्ता मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच्या लोकांनी नीट ओळखलं होतं. उभं राहिलं की गावोगाव जाता येतं, बोलता येतं, लोकांचं ऐकता येतं. हा फायदा हरणाऱ्यालाही मिळतो. लिंगडोह अहवालात हरणाऱ्याचा विचार नाही. त्याच्या लेखी तो फक्त खर्चाचा हिशेब द्यायला बांधील असलेला माणूस आहे.

तिसरी गाळणी: आळीपाळीचं गणित

२०१६ च्या कायद्याने थेट निवडणुका परत आणल्या. कॉलेजात अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी सगळ्या विद्यार्थ्यांनी मत देऊन निवडायचे, शिवाय वर्गावर्गाचे प्रतिनिधी. कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. २०१९ च्या पावसाळ्यात वेळापत्रकही निघालं. मग विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून ते पुढे ढकललं. मग कोविड. मी कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हापासून आजपर्यंत थेट निवडणुकीत एकदाही मत दिलेलं नाही. लिंगडोहने ५ वर्षं दिली होती, ती २०११ ला संपली.

पण समजा उद्या निवडणूक लागली. राखीव प्रवर्गाची जागा एकच आहे आणि ती अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्यात आळीपाळीने फिरते. आता बोटं मोजा. प्रवर्ग चार. पदवी तीन वर्षांची. चक्र अगदी बिनचूक फिरलं तरी प्रत्येक तुकडीच्या वाट्याला कुठला तरी एक प्रवर्ग येणारच नाही. माझी मैत्रीण अनुसूचित जमातीची. तिच्या तीन वर्षांत जमातीची पाळी आली नसती, तर त्या जागेचं दार तिच्यासाठी उघडलंच नसतं. आली असती तरी कदाचित ती एफवायला, कोणी ओळखत नाही अशा वर्षी. हे कोणी वाईट हेतूने केलेलं नाही. ग्रामपंचायत-महापालिकेचं मॉडेल उचललं आणि कॉलेजवर ठेवलं. गावातला मतदार चाळीस वर्षं तिथेच असतो, कॉलेजातला तीन वर्षांत निघून जातो, एवढं बघायचं राहिलं.

यावल-रावेर पट्ट्यातल्या कॉलेजांत तडवी, पावरा, भिल्ल मुलं-मुली मोठ्या संख्येने येतात. तिथे ही एक जागा किती पातळ आहे हे वेगळं सांगायला नको.

कोणी काय मोजलंय

आता संशोधनाकडे. तीन कामं सांगते.

पहिलं आपल्या मुंबईचं. महापालिकेत १९९७ च्या निवडणुकीत काही वॉर्ड महिलांसाठी राखीव होते. २००२ ला त्यातले बरेच खुले झाले. कोणते वॉर्ड राखीव होणार हे चिठ्ठीवर ठरत असल्यामुळे तो आपोआप झालेला प्रयोगच होता. रिखिल भवनानी यांनी २००९ मध्ये त्यावर निबंध लिहिला. आधी राखीव असलेल्या आणि आता खुल्या झालेल्या वॉर्डात बाई निवडून येण्याची शक्यता, कधीच राखीव नसलेल्या वॉर्डाच्या जवळपास पाचपट निघाली. आरक्षण उठलं तरी परिणाम उरला, कारण एकदा उभी राहिलेली बाई पुन्हा उभी राहते, आणि बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळतं.

दुसरं, जेनिफर लॉलेस आणि रिचर्ड फॉक्स यांचं अमेरिकेतलं सर्वेक्षण. त्यांचं पुस्तक २००५ मध्ये आलं. वकील, शिक्षक, उद्योजक असे सारख्याच पात्रतेचे स्त्री-पुरुष घेतले, तरी स्त्रिया स्वतःला कमी पात्र समजत होत्या. आणि "तू उभी राहा" असं त्यांना कोणी म्हणण्याचं प्रमाणही कमी होतं.

तिसरं माझं आवडतं, कारण त्यात खरोखर प्रयोगशाळा आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या क्रिस्टिन कॅंथॅक आणि जोनाथन वून यांचा २०१५ चा निबंध. विद्यार्थ्यांना बेरजेची गणितं सोडवायला दिली. मग विचारलं, गटाचा प्रतिनिधी व्हायला कोण तयार आहे? प्रतिनिधीने केलेल्या कामावर गटाचे पैसे ठरणार होते. काही वेळा तयार झालेल्यांतून चिठ्ठी टाकून प्रतिनिधी काढला, काही वेळा मतदानाने. चिठ्ठी असताना मुलं-मुली सारख्याच प्रमाणात पुढे आले. मतदान म्हटल्यावर मुलींचं प्रमाण घसरलं, मुलांचं जागच्या जागी राहिलं. काम तेच, जबाबदारी तीच, पैसे तेच. म्हणजे मुलींना काम नको होतं असं नाही, निवडणूक नको होती. आणि पुढची पायरी अशी: प्रचाराला काहीच खर्च नाही आणि प्रचारात फक्त खरंच बोलता येतं, अशी व्यवस्था केल्यावर हा फरक नाहीसा झाला. दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. एकीने भागलं नाही.

हे वाचून मी लिंगडोह पुन्हा उघडला. खर्च कमी करण्याचं अर्धं काम त्याने केलं आहे. दुसरं अर्धं, म्हणजे प्रचारात खरं बोललं जाईल याची सोय, जवळजवळ कोरं आहे. खोटे आरोप, जातीवर मत मागणं, धमकी यांना बंदी आहे. पण बंदी घालणं आणि खरं समोर आणणं वेगळं. त्या गोड आवाजातल्या फोनवर कुठलीही बंदी लागू होत नव्हती.

माझे आक्षेप, या संशोधनावरही

आवडलेल्या निबंधाला सूट द्यायची नसते. पिट्सबर्गच्या प्रयोगात कोणाच्या वडिलांना फोन गेला नव्हता. तिथे मुलगी मागे राहिली ती स्वतःच्या मनातल्या हिशेबाने. इथे त्या हिशेबात आई, वडील, काका, गावातली चर्चा आणि लग्नाचं वय हे सगळं असतं. त्यामुळे "खर्च शून्य केला, खरं बोलायला लावलं, की फरक गेला" हे फैजपूरला जसंच्या तसं लावता येणार नाही. मुंबईच्या अभ्यासात तिकीट देणारे पक्ष होते. कॉलेजात पक्षांना कागदावर तरी जागा नाही, त्यामुळे "बाई जिंकू शकते" हे लक्षात ठेवणारं कोणी उरत नाही. आणि लॉलेस-फॉक्स यांनी विचारलं ते नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या लोकांना. पाड्यावरून येणाऱ्या मुलीवर असं काम झालेलं मला सापडलं नाही.

तरी तिन्हींची दिशा एकच आहे. उमेदवार जन्माला येत नाही, विचारल्याने, एकदा उभं राहिल्याने आणि उभं राहणं स्वस्त झाल्याने तयार होतो. आपल्या नियमांनी यातलं फक्त स्वस्त करण्याचं थोडं केलं, दुसऱ्यांदा उभं राहणं बंद केलं, आणि विचारण्याचं काम "मुलगी असली की बरं दिसतं" म्हणणाऱ्यांवर सोडून दिलं.

मग काय बदलायचं

मोठी क्रांती नको. पाच गोष्टी.

एक, "एकदाच" ही अट जिंकण्याला लावा, उभं राहण्याला नको. दोन, एटीकेटी आणि ७५ टक्के हजेरी उमेदवारीतून काढा. परीक्षेला बसायला हजेरीचे नियम आहेतच, तीच शिक्षा दोनदा कशाला? तीन, राखीव प्रवर्गाची जागा फिरवायचीच तर तीन वर्षांत प्रत्येकाची पाळी येईल अशी फिरवा, म्हणजे एका जागेच्या दोन करा. चार, महिला प्रतिनिधीची जागा असू द्या, पण तिच्यामुळे "अध्यक्षपद मुलांचं, एलआर मुलींचं" अशी वाटणी होते ती मोडायची असेल, तर अध्यक्षपदही काही वर्षं चिठ्ठीने राखीव ठेवा. मुंबईचा आकडा तेच सांगतो.

पाच, आणि ही कायद्याशिवायही उद्या करता येईल: प्रत्येक उमेदवाराला सगळ्या वर्गांसमोर बोलावा आणि एकच प्रश्न लेखी विचारा, "गेल्या वर्षी तुम्ही कुठली अडचण सोडवली, आणि ती कोण कोण सांगू शकेल?" जेएनयूमध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारांची वादसभा होते ती प्रसिद्ध आहे. आपल्याला एवढं वक्तृत्वही नको. माझी मैत्रीण दोन वाक्यांत उत्तर देऊन खाली बसली असती, आणि बसने जाणाऱ्या साठ जणींनी हात वर केले असते. प्रचारात खरं बोललं जाण्याची सोय म्हणजे मला एवढीच अपेक्षित आहे.

लिंगडोहच्या हिशेबाने माझी स्वतःची वेळ संपत आली आहे. येत्या मार्चमध्ये मला २९ वं लागेल. मी उभी राहू शकले असते अशी सगळी वर्षं निवडणुकीविना गेली. मैत्रिणीने टीवाय पुरं केलं, आता ती अंगणवाडीत आहे, आणि मागच्या वेळी फोनवर म्हणाली की गावात पाण्याच्या टाकीसाठी सह्या गोळा करतेय. "ग्रामपंचायतीला उभी राहणार का?" विचारलं. म्हणाली, "कोणी विचारलं तर बघू."

म्हणून फैजपूरहून निघायच्या सकाळी मी शेजारी गेले. मुलगी कॉलेजला गेली होती, आई केळीचे वेफर तळत होती. मी ओट्यावर बसले आणि माझ्या माघारीच्या अर्जाची गोष्ट तिला सांगितली, फोनसकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग झारा बाजूला ठेवून म्हणाली, "पुढच्या साली परत विचारतीन का वो ते सर?"

विचारायला पाहिजे, मी म्हटलं. नाही विचारलं तर तिलाच सांगा नाव टाकायला.